समुद्र पुढच्या वर्षी

माझी मामी एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या धुलाई विभागात एकतीस वर्षं कामाला होती. इस्पितळातल्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे अंगरखे तळघरात यायचे, धुतले जायचे आणि मामीच्या मशीनमधून इस्त्री होऊन वर जायचे. मशीन म्हणजे एक लांबलचक तापलेला रोलर. एका बाजूने दोघींनी ओली चादर कोपऱ्यांना धरून आत सोडायची, दुसऱ्या बाजूने दोघींनी ती कोरडी उचलून घडी घालायची. तळघराला खिडकी नव्हती. मी लहानपणी एकदा तिचा डबा पोचवायला गेले होते, तर दार उघडल्या उघडल्या माझ्या चष्म्यावर वाफ धरली आणि मला कुणीच दिसेना. मामीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या रेघा होत्या. कुणी विचारलं की म्हणायची, "या माझ्या बांगड्या. फुटत नाहीत."

मामा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचा दिवस इमारतींच्या खड्ड्यांत जायचा, म्हणजे लिफ्ट जिथून वरखाली होते त्या अंधाऱ्या पोकळीत. कपाळाला दिवा बांधून ग्रीस लागलेल्या तारांवर हात फिरवायचा. रविवार आला की मात्र हा माणूस घरात ठरायचा नाही. पाठीवर पिशवी टाकून कुठला ना कुठला डोंगर चढायला निघायचा. वर पोचल्यावर नुसता उभा राहायचा. मी विचारलं होतं, "मामा, वर काय करतोस?" तो म्हणाला, "काही नाही गं. आठवडाभर डोक्यावर छत असतं. तिथे नसतं, एवढंच."

मामीला मात्र समुद्र हवा होता. तिने तो एकदाच बघितला होता, नऊ वर्षांची असताना, शाळेच्या सहलीत. तासभरसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, मोजे भिजतील, पाण्यात जायचं नाही. मग सगळ्या मुली रांगेत उभ्या राहिल्या आणि लांबून बघून परत बसमध्ये बसल्या. ही गोष्ट मामी हसत हसत सांगायची, पण प्रत्येक वेळी सांगायची. मी तिला म्हणायचे, "मामी, डोंगरसुद्धा छान असतात की." ती म्हणायची, "असतील. पण डोंगरात जिकडे बघावं तिकडे काहीतरी आडवं येतं. मला आडवं न येणारं काहीतरी बघायचंय."

त्या दोघांना मूल नव्हतं. वर्षातून एकदा आठ दिवसांची रजा दोघांना एकत्र मिळायची, आणि त्या आठ दिवसांत कुठे जायचं यावरून घरात नेहमी तोच संवाद व्हायचा. मी शाळेला त्यांच्याकडे राहून होते, म्हणून मला तो पाठ झाला होता.

"यंदा समुद्र," मामी म्हणायची.

"समुद्रात काय आहे? पाणी येतं, पाणी जातं."

"आणि तुमच्या डोंगरात काय आहे? तो तर येतही नाही आणि जातही नाही."

मामा मोठ्याने हसायचा. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचा, "पुढच्या वर्षी. नक्की. पुढच्या वर्षी समुद्र." आणि बॅगा भरून दोघं डोंगरात जायची.

मामा वाईट माणूस नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. तो दारू प्यायचा नाही, हात उगारायचा नाही, मामीचे पाय सुजले की गरम पाण्याची बादली स्वतः आणून द्यायचा. फक्त दर वर्षी त्याला वाटायचं की एवढा एक डोंगर राहिलाय. आणि मामी हट्ट धरणारी नव्हती. ती पायथ्याशी एखाद्या टपरीवर मामाच्या आणि इतर चढणाऱ्यांच्या पिशव्या सांभाळत बसायची आणि मामा वर जाऊन यायचा. त्यांच्या सहलींचे फोटो माझ्याकडे आहेत. मामीचा एकही फोटो वरचा नाही. सगळ्यांत ती बाकड्यावर बसलेली, मांडीवर दुसऱ्या कुणाची तरी पिशवी.

पुढे मला नोकरी लागली ती एका बंदराच्या कचेरीत. जहाजांची कागदपत्रं टाइप करायची. माझ्या खोलीपासून किनारा चालत दहा मिनिटांवर. मी मामीला फोन केला, "आता ये. राहायला घर आहे, आता काय अडचण?" तिला इतका आनंद झाला की ती फोनवर नुसतीच "हो, हो" म्हणत राहिली. पण आधी मामाचं गुडघ्याचं काहीतरी निघालं, मग इस्पितळात साथीचे रुग्ण वाढले आणि रजा बंद झाल्या. मग मीही पूर्वीसारखं आग्रहाने बोलवेनाशी झाले. ये गं कधीतरी, असं म्हणायचे. कधीतरी म्हटलं की कुणी येत नाही, हे मला कळायला हवं होतं.

दोघं एकाच वर्षी निवृत्त झाली. निवृत्तीनंतर महिन्याभरात मामाने मामीला एक कागद दाखवला. डोंगरात, एका उतारावर, दोन खोल्यांचं घर. त्याने ते आधीच ठरवून टाकलं होतं. दोघांच्या आयुष्याच्या कमाईतलं जे काही होतं ते सगळं त्यात गेलं. समोर शिखरांची अख्खी रांग दिसते, तो सांगत होता, पहाटे त्यांच्यावर ऊन पडतं तेव्हा बघ. मामीने कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि विचारलं, "रस्त्यापासून किती पायऱ्या?"

"एकशे चाळीस. पण सोप्या आहेत."

"आणि समुद्र?"

"अगं, आता काय, आता आपण मोकळे. पुढच्या वर्षी जाऊ. महिनाभर राहू."

मामीने मला हे नंतर सांगितलं. म्हणाली, "मी त्या वेळी नाही म्हणायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका उजळला होता ना, मला वाटलं, जाऊ दे. माझं सगळं आयुष्य त्या एका 'जाऊ दे'त गेलं बघ."

त्या घरात मामा चौदा महिने सुखाने राहिला. रोज सकाळी चढायला जायचा, दुपारी येऊन शिखरांची नावं सांगायचा. मग एके दिवशी सकाळी दाढी करता करता तो मोरीत कोसळला. अर्धांगवायूचा झटका. शेजारचा मेंढपाळ आणि त्याचे दोन भाऊ आले, त्यांनी मामाला खुर्चीला बांधून एकशे चाळीस पायऱ्या खाली उतरवलं. रस्त्यावर गाडी यायला वेळ लागला. इस्पितळात पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली.

म्हणजे वाचा सगळी गेली नाही. मी भेटायला गेले तेव्हा मामी त्याला चमच्याने पेज भरवत होती. मी विचारलं, "मामा, ओळखलंस का मला?" त्याने माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले आणि अगदी स्पष्ट म्हणाला, "पुढच्या वर्षी."

मी मामीकडे बघितलं. तिने मान हलवली. "एवढंच उरलंय," ती म्हणाली. "पाणी हवंय का विचारलं तरी तेच. दुखतंय का विचारलं तरी तेच."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मेंदूचा बोलण्याचा भाग गेला की कधी कधी जिभेवर बसलेलं एखादं वाक्य तेवढं राहतं. त्याला काही अर्थ नसतो, मनावर घेऊ नका. मामी म्हणाली, "नाही घेत." पण त्या वाक्याला अर्थ नाही असं त्या खोलीत आम्हा दोघींनाही वाटत नव्हतं. आणि मामाला वाटत होतं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. तो ते शब्द कधी विनवणी केल्यासारखे म्हणायचा, कधी रागाने, आणि एकदा तर रडत रडत.

डोंगरातलं घर विकून खाली यावं म्हणून मी खूप प्रयत्न केले. एकशे चाळीस पायऱ्यांचं घर घेणारा दुसरा कुणी मामा निघाला नाही. शेवटी मामाला पुन्हा खुर्चीला बांधून वर चढवलं. समोरच्या खोलीत खिडकीशी त्याची खाट टाकली. तिथून शिखरं दिसायची. आणि मामीचं नवं काम सुरू झालं. कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, आणि परत चादरी. दिवसाला तीन, कधी चार. मी एकदा म्हटलं, "मामी, एखादी बाई ठेवू या." ती म्हणाली, "इथवर कोण चढून येणार? आणि चादरीचं मला कुणी शिकवायला नको."

मामाच्या आजारपणाच्या पाचव्या वर्षी मी हट्टालाच पेटले. माझ्या नवऱ्याला चार दिवस तिथे ठेवलं, मेंढपाळाच्या बायकोला मदतीला सांगितलं आणि मामीला ओढून माझ्याकडे आणलं. मामी तेव्हा सदुसष्ट वर्षांची होती. बसमध्ये ती सबंध वेळ पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी म्हटलं, "वर ठेव ना ती." तर म्हणाली, "असू दे. सवय आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. मला वाटलं होतं ती रडेल किंवा काहीतरी बोलेल. तिने चपला काढल्या, माझ्या हातात दिल्या आणि सरळ पाण्यात चालत गेली, गुडघ्यापर्यंत. साडीचा घोळ भिजला तरी तिला भान नव्हतं. तिथे ती उभी राहिली. मी चपला घेऊन वाळूत बसले. अर्धा तास झाला, तास झाला. मी हाका मारल्या, "मामी, पाय गारठतील." तिने मागे वळून बघितलं नाही. दीड तासाने ती आली तेव्हा तिचा चेहरा मी पूर्वी कधीच बघितला नव्हता असा दिसत होता. मोकळा. एखाद्या तरण्या पोरीसारखा. मला फार बरं वाटलं.

मग ती माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "हे मला दहा वर्षं जरी मिळालं असतं ना, तर मी वेगळी बाई झाले असते."

मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "अगं, आता रोज यायचं. चार दिवस आहेत."

"तुला कळत नाहीये," ती म्हणाली. "मला वाटत होतं, मी उगीचच समुद्र समुद्र करते. बघितला की मन भरेल, म्हणेन की हात्तिच्या, एवढंच होय. तेवढ्यावरच तर मी इतकी वर्षं काढली. पण हे तर खरंच एवढं मोठं आहे. हे माझ्याकडून काढून घेतलं गेलं. आणि मी काढून घेऊ दिलं."

त्याच दुपारी माझ्या नवऱ्याचा फोन आला. मामा काल संध्याकाळपासून काही खात नाहीये, तोंडच उघडत नाही, नुसता दाराकडे बघतो आणि तेच दोन शब्द. मामीने फोन ठेवला आणि बॅग भरायला घेतली. मी सांगून पाहिलं की एक दिवस थांब, डॉक्टरांना पाठवू. ती भांडली नाही, रागावली नाही. ओली साडी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि म्हणाली, "बस किती वाजता आहे?"

त्यानंतरची गोष्ट सांगायला मला जड जातं, पण ती सांगितल्याशिवाय मामी काय होती हे कळणार नाही.

सात-आठ महिन्यांनी मी न कळवता वर गेले. दार उघडंच होतं. मामी मागे कपडे वाळत घालत होती. मी समोरच्या खोलीत शिरले तर मामाची खाट खिडकीशी नव्हती. आतल्या कोपऱ्यात सरकवली होती, आणि तीही अशी की त्याचं तोंड भिंतीकडे. त्याला स्वतःहून कूस बदलता येत नव्हती. दीड हातावर भिंत, तिच्यावर ओल आलेली. त्याची डावी मूठ चादरीत आवळलेली होती. अंग मात्र स्वच्छ, नखं कापलेली, पाठीवर एक जखम नाही. डॉक्टर नेहमी म्हणायचे, अशी सेवा नर्ससुद्धा करत नाहीत.

मामी आत आली. मी म्हटलं, "मामी, खाट इकडे का?"

"खिडकीतून वारा येतो."

"खिडकी बंद करता येते."

तिने हातातली रिकामी बादली खाली ठेवली.

"मामी, त्याला शिखरं दिसत नाहीत इथून."

"माहीत आहे," मामी म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "तीस वर्षं मी यांचे डोंगर बघितले. आता थोडे दिवस त्यांनी भिंत बघावी."

तो माझा सख्खा मामा होता. मी सहा वर्षांची असताना बाबा गेले तेव्हा यानेच मला खांद्यावर बसवून घरी आणलं होतं. मी ओरडले. म्हणाले, हे पाप आहे, तो बोलू शकत नाही, हलू शकत नाही, त्याच्यावर सूड काय उगवतेस. मामी दाराला टेकून ऐकत राहिली. मी मेंढपाळाला बोलावलं, दोघांनी मिळून खाट पुन्हा खिडकीशी आणली. बाहेर ऊन होतं, शिखरं लख्ख दिसत होती. मामाने बघितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तो "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी" म्हणत राहिला. मामीने पदराने त्याचे डोळे पुसले, तोंड पुसलं, उशी नीट केली. सगळं अगदी हलक्या हाताने. त्या हातांकडे बघून कुणाला काही समजलं नसतं.

निघताना मी तिला म्हटलं, "मला शब्द दे." ती म्हणाली, "बरं."

थंडीत मामा गेला. झोपेतच गेला, मामी म्हणाली. मी पोचले तेव्हा त्याला खाली नेलेलं होतं, मागचं सगळं उरकलं होतं. समोरच्या खोलीत रिकामी खाट खिडकीशी होती, तिच्यावर स्वच्छ चादर ताणून घातलेली, एक सुरकुती नाही. मला धीर आला. मी मामीजवळ बसले आणि म्हटलं, "निदान शेवटपर्यंत त्याला डोंगर दिसत होते."

मामीने चादरीचा कोपरा पुन्हा ताणून खोचला. मग म्हणाली, "तू गेलीस त्याच संध्याकाळी मी खाट फिरवली होती. परत भिंतीकडे. काल यांना नेल्यावर खिडकीशी आणली. म्हटलं, लोक येतील, तू येशील."

मी उठून खिडकीशी गेले.

"रोज सकाळी ठरवायचे, आज फिरवू," ती म्हणाली. "उठायचे, यांचं सगळं करायचे आणि म्हणायचे, आज राहू दे, उद्या. तुला वाटतं मला कळत नव्हतं मी काय करत होते? चांगलं कळत होतं. यांनीही असंच केलं असणार. उद्या, उद्या करत. वाईट मनात नसताना."

मी तिला जवळ घेतलं नाही. आज वाटतं की घ्यायला हवं होतं, पण त्या वेळी माझे हात उचलले गेले नाहीत. मी दोन दिवस राहिले आणि आम्ही मामाविषयी एक शब्द बोललो नाही. भांडी, औषधं, कपडे, कुणाला काय द्यायचं, एवढंच बोललो.

महिन्या-दोन महिन्यांनी माझा राग निवला. मी पत्र लिहिलं, मग फोन केले. आता तिकडे कुणासाठी राहायचं, माझ्याकडे ये, घरातली एक खोली रिकामी आहे, रोज सकाळी समुद्रावर जाऊ. ती दर वेळी ऐकून घ्यायची आणि नाही म्हणायची. आयुष्यात पहिल्यांदा ती नाही म्हणत होती आणि ते याच गोष्टीला.

"का पण?" मी एकदा रडकुंडीला येऊन विचारलं.

"त्या दिवशी पाण्यात उभी होते तेव्हा मी स्वच्छ होते," ती म्हणाली. "आता तिथे येऊन कुठल्या तोंडाने उभी राहू? आणि समज, परत आवडला तर? मग मी काय करू, सांग."

ती आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि त्याच घरात राहते. घर अजून विकलं गेलेलं नाही आणि आता विकायचा विषयही कुणी काढत नाही. गुडघे गेल्यामुळे ती गेल्या दोन वर्षांत पायऱ्या उतरलेली नाही. मेंढपाळाची बायको आठवड्याला सामान आणून देते. समोरच्या खोलीत मामी बसत नाही. मागच्या खोलीत असते, जिथे खिडकी उंचावर आहे आणि तिच्यातून काहीच दिसत नाही. मी वर्षातून दोनदा जाते. आम्ही चहा पितो, मी तिचे केस विंचरते. ती मला बंदरातल्या कामाचं विचारते. कुठलं जहाज आलं, कुठून आलं, काय घेऊन आलं. बारीकसारीक विचारते. पाण्याविषयी विचारत नाही.

दर रविवारी सकाळी मी फोन करते. गेल्या रविवारी ती म्हणाली की इकडे तीन दिवस धुकं आहे, अंगणातली दोरीसुद्धा दिसत नाही, कपडे आतच वाळत घातलेत. मग तिने विचारलं, "तुझ्याकडे ऊन आहे का गं?"

मी म्हटलं, "हो, आहे."

"असू दे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.